परीक्षा समजून घेण्याचा हक्क

शंभर प्रश्न, नव्वद मिनिटे. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पीसीएम गटात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांचे प्रत्येकी ५० प्रश्न एकत्र सोडवायचे असतात. एका प्रश्नाच्या वाट्याला ५४ सेकंद येतात. तेवढ्यात प्रश्न वाचायचा, चार पर्याय डोळ्यांखालून घालायचे, कच्च्या कागदावर आकडेमोड करायची आणि पडद्यावर उत्तर निवडायचे. मग गणित : ५० प्रश्न, पुन्हा ९० मिनिटे, म्हणजे दर प्रश्नाला १ मिनिट ४८ सेकंद. गणिताचा प्रश्न दोन गुणांचा, बाकी दोन विषयांचा एकेका गुणाचा, मिळून २०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीच्या निवडक धड्यांवर, ८० टक्के बारावीवर.

ही सगळी माहिती सीईटी कक्षाच्या पत्रकात छापलेली असते आणि वाचायला दहा मिनिटे पुरतात. तरीही प्रवेशाच्या दिवसांत मुलांचे अर्ज भरायला मदत करताना मला दर वर्षी अशी मुले भेटतात, ज्यांनी वीस-पंचवीस प्रश्न कोरे सोडलेले असतात. का, तर ‘चुकलं की मार्क जातात’ असे त्यांनी कुठेतरी ऐकलेले असते. ते वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेबद्दल खरे आहे, सीईटीबद्दल नाही. अकरावीची पुस्तके बारावीत जाताना निम्म्या किमतीला विकून टाकणारी मुले भेटतात. संगणकावरची परीक्षा आयुष्यात पहिल्यांदा थेट परीक्षा केंद्रावरच दिलेली मुले भेटतात. यातली कितीतरी मुले वर्गात पुढे असतात, वह्या नेटक्या ठेवतात, बोर्डात चांगले गुण मिळवतात. त्यांना विषय शिकवलेला असतो. परीक्षा मात्र कोणी समजावून सांगितलेली नसते.

माझे म्हणणे एवढेच आहे की प्रवेश परीक्षा कशी आहे, ती काय मोजते, तिचा निकाल कसा वाचायचा, हे ज्ञान आज बहुतांशी पैसे मोजून मिळते, आणि ते तसे मिळणे हा अन्याय आहे. राज्य सरकार परीक्षा घेते, तिच्यावरून जागा वाटते, महाविद्यालयात कोण जाणार हे ठरवते. मग ती परीक्षा समजावून सांगण्याची जबाबदारीही सरकारवर आणि कनिष्ठ महाविद्यालयांवर येते. ती खासगी क्लासच्या पहिल्या मोफत व्याख्यानावर सोडून देता येणार नाही.

आधी अभ्यासाचेच बघू. बारावीच्या बोर्डाचा भौतिकशास्त्राचा लेखी पेपर ७० गुणांचा असतो आणि त्याला तीन तास मिळतात. सीईटी त्याच बालभारतीच्या पुस्तकावर, बोर्ड संपल्यावर काही आठवड्यांनी येते. पुस्तक एकच, पण मागणी पार वेगळी. बोर्डाला पायऱ्या हव्या असतात. सूत्राची सिद्धता, आकृती, एकक, शेवटी चौकटीतले उत्तर. उत्तर चुकले तरी पायऱ्यांचे गुण मिळतात. सीईटीला फक्त उत्तर हवे असते. शिवाय गणित, भौतिक आणि रसायन या विषयांच्या प्रश्नांची काठिण्यपातळी जेईई मेनच्या बरोबरीची असेल, हे सीईटी कक्ष स्वतःच सांगतो. म्हणजे पुस्तक राज्य मंडळाचे आणि प्रश्नांचा कस राष्ट्रीय परीक्षेचा. ही एक ओळ वाचलेला मुलगा आणि न वाचलेला मुलगा एकाच वर्गात बसतात, पण वर्षभर दोन वेगळे अभ्यास करतात.

एक गणित जवळून पाहू. डेफिनिट इंटिग्रेशनच्या धड्यात एक प्रकार ठरलेला असतो. अंशात साइन एक्सचे वर्गमूळ, छेदात साइन एक्सचे वर्गमूळ अधिक कॉस एक्सचे वर्गमूळ, मर्यादा शून्यापासून पाय भागिले दोनपर्यंत. बोर्डात विद्यार्थी गुणधर्म लिहितो, एक्सच्या जागी मर्यादांच्या बेरजेतून एक्स वजा करून ठेवतो, साइन आणि कॉस यांची अदलाबदल होते, दोन्ही समीकरणांची बेरीज केली की आतले फलन एक होते आणि उत्तर पाय भागिले चार येते. सुबक उत्तर, पूर्ण गुण. सीईटीसाठी क्लासमध्ये सांगतात की हा प्रकार दिसला की पाय भागिले चारवर खूण करा आणि पुढे जा. पाच सेकंदांत काम झाले.

आता मर्यादा बदलून पाय भागिले सहा ते पाय भागिले तीन केल्या तर? फलन तेच. पाठ केलेले उत्तर पर्यायांत असतेच, प्रश्न काढणारा ते मुद्दाम ठेवतो. पण बरोबर उत्तर आहे पाय भागिले बारा. ज्याला पायऱ्यांमागचे कारण कळले आहे त्याला ठाऊक असते की दोन मर्यादांमधल्या अंतराचे निम्मे एवढेच उत्तर असणार, आणि तो तेही पाच सेकंदांतच काढतो. ज्याने युक्ती पाठ केली तो फसतो. ज्याने फक्त बोर्डाची पद्धत गिरवली त्याचे उत्तर बरोबर येते, पण तीन मिनिटांनी, आणि तोवर पुढचा प्रश्न हातचा गेलेला असतो.

या एका उदाहरणात मला या परीक्षेबद्दलचे बरेच काही दिसते. ती निव्वळ घोकंपट्टीची नाही, क्लासवाले म्हणतात तशी निव्वळ युक्त्यांचीही नाही. समज आणि वेग या दोहोंची जोडी ती मागते. वेग सरावाने येतो, समज शिकवण्याने येते. पण समज वेगात कशी बदलायची, हा भाग आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांच्या वेळापत्रकात कुठेच नाही. शिक्षक अभ्यासक्रम संपवतात आणि त्यांच्याकडून तेवढेच अपेक्षित असते. प्रयोगवही तपासून होते, सराव परीक्षा बोर्डाच्या धर्तीवर होते, आणि सीईटी हा जणू घरच्यांनी बघून घ्यायचा विषय ठरतो.

निकालाचे तर त्याहून अवघड आहे. एका तालुक्याच्या गावी अर्ज भरण्याच्या टेबलाशी एक वडील मुलीला घेऊन आले होते. हातात निकालाची प्रत, चेहऱ्यावर आनंद. ‘‘सर, ब्याण्णव पडलेत पोरीला. आमच्या घरात एवढे कुणालाच नाही पडले. पुण्याला सरकारी कॉलेजात होईल ना?’’ त्यांना दहावीचे ९२ टक्के माहीत होते आणि हे ९२ त्याच जातीचे वाटत होते. मुलगी गप्प होती. तिला काहीतरी वेगळे असल्याची शंका होती, पण नेमके काय ते तिलाही सांगता येत नव्हते. मी कागद घेतला आणि लिहिले : समजा चार लाख मुलांनी परीक्षा दिली. ९२ पर्सेंटाइल म्हणजे ९२ टक्के मुले तुझ्या बरोबरीला किंवा तुझ्या मागे. पुढे किती? आठ टक्के. चार लाखांचे आठ टक्के म्हणजे ३२ हजार. वडिलांनी तो आकडा दोनदा वाचला.

पर्सेंटाइल हे धावण्याच्या शर्यतीतल्या क्रमांकासारखे असते. तुम्ही कितवे आलात ते त्यातून कळते, किती वेगाने धावलात ते कळत नाही. ९२ पर्सेंटाइलच्या विद्यार्थ्याला २०० पैकी नेमके किती गुण मिळाले, हे त्या आकड्यात दिसतच नाही. प्रश्नपत्रिका अवघड असेल तर कमी गुणांवरही तो आकडा येतो, सोपी असेल तर जास्त गुण लागतात. वरच्या टोकाला तर एकेका दशांशाला किंमत असते. ९९ आणि ९९.५ यांच्यातला फरक अर्ध्या टक्क्याचा दिसतो, पण चार लाखांत तो दोन हजार मुलांचा आहे. सीओईपी किंवा व्हीजेटीआय अशा नामांकित अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या हव्या त्या शाखेच्या जागा या दोन हजारांपुढे फारच थोड्या पडतात. म्हणूनच पर्सेंटाइल दशांशचिन्हापुढे सात स्थळांपर्यंत देतात.

ही पद्धत आली ती २०१९मध्ये परीक्षा संगणकावर गेल्यानंतर. त्याआधी सर्वांना एकाच वेळी एकच प्रश्नपत्रिका कागदावर मिळत असे. आता एवढ्या मुलांना एका वेळी पुरतील इतके संगणक नाहीत, म्हणून अनेक दिवस, दिवसाला दोन सत्रे, आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी. वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांच्या गुणांची थेट तुलना करता येत नाही, म्हणून प्रत्येक मुलाचे स्थान त्याच्याच सत्रातल्या मुलांमध्ये ठरवायचे आणि ती स्थाने एकत्र आणायची. प्रत्येक सत्रातल्या पहिल्याला १०० पर्सेंटाइल मिळते, म्हणून राज्यात १०० पर्सेंटाइलवाले अनेक असतात. लोकांना यात घोटाळा वाटतो, पण तो या सूत्राचाच परिणाम आहे.

मात्र सूत्र एका गृहीतावर उभे आहे. प्रत्येक सत्राला बसलेली मुले सरासरीने सारख्या तयारीची असली पाहिजेत. मोठ्या संख्येत, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी सत्रे वाटली तर हे गृहीत बऱ्यापैकी टिकते. एखाद्या सत्रात काही कारणाने जास्त तयारीची मुले गोळा झाली, तर त्या सत्रातल्या बाकीच्यांवर अन्याय होतो आणि तो कोणाला दिसतही नाही. म्हणून मला वाटते की सीईटी कक्षाने प्रत्येक सत्राची उमेदवारसंख्या, सरासरी गुण आणि गुणांची विभागणी निकालाबरोबरच जाहीर करावी. आकडे समोर असले की निम्म्या शंका आपोआप मिटतील, आणि उरलेल्या निम्म्या शंका खऱ्या असतील तर त्या दूर कराव्या लागतील.

शंकांना कारणही घडलेले आहे. २७ एप्रिल २०२५ रोजी सकाळच्या सत्रात गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांचे पर्याय चुकलेले निघाले. त्या सत्रातल्या २७ हजारांहून अधिक मुलांना ५ मे रोजी पुन्हा परीक्षेला बोलवावे लागले. त्याच्या आदल्या वर्षी नीटमध्ये काही केंद्रांवर वेळ वाया गेला म्हणून १,५६३ विद्यार्थ्यांना वाढीव गुण दिले, ते देण्याचा नियम कोणालाच आधी ठाऊक नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, ते गुण रद्द झाले आणि २३ जूनला त्या मुलांसाठी फेरपरीक्षा घ्यावी लागली. चुका होतात, कबूल. पण चूक दाखवून देणाऱ्या विद्यार्थ्याकडून एका प्रश्नामागे हजार रुपये घेण्याची सीईटीची रीत मला कधीच पटली नाही. राष्ट्रीय परीक्षांत हेच शुल्क २०० रुपये आहे. हजार रुपये ही ज्या घरात आठवड्याची मजुरी असते, त्या घरातला मुलगा आपले उत्तर बरोबर आहे हे पक्के ठाऊक असूनही आक्षेप घेणार नाही. आक्षेप खरा ठरला तर पैसे परत, हा साधा नियम करायला काय हरकत आहे?

यावर काहीजण म्हणतात की प्रवेश परीक्षाच नको, पूर्वीसारखे बारावीच्या गुणांवर प्रवेश द्या. त्यांच्या मनातली कळकळ मला समजते, पण पूर्वीचे दिवस इतके सरळ नव्हते. वेगवेगळ्या मंडळांचे गुण एका मापात कसे आणायचे, या प्रश्नाने महाराष्ट्राला पुरते दमवले आहे. २००८मध्ये अकरावी प्रवेशासाठी सरकारने पर्सेंटाइलचे सूत्र आणले, ते मुंबई उच्च न्यायालयात टिकले नाही. २००९मध्ये राज्य मंडळाच्या मुलांसाठी ९० टक्के जागा राखण्याचा निर्णयही टिकला नाही. २०१०मध्ये सर्वोत्तम पाच विषयांचेच गुण धरणारे ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ धोरण उच्च न्यायालयात पडले आणि सर्वोच्च न्यायालयात तरले. २०१४ आणि २०१५ या दोन वर्षी अभियांत्रिकीला सीईटी बाजूला ठेवून जेईई मेन आणि बारावी यांचे निम्मे-निम्मे वजन धरले, आणि २०१६मध्ये सीईटी परत आली. त्याच वर्षी वैद्यकीयच्या मुलांवर आणखी एक घाव बसला. ५ मेची सीईटी तोंडावर असताना, २८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी नीट घेण्याचा आदेश दिला. दोन वर्षे राज्याच्या पुस्तकांवर तयारी केलेल्या मुलांपुढे अचानक दुसरा अभ्यासक्रम आला. शेवटी २४ मे रोजी केंद्राने अध्यादेश काढला आणि राज्य सरकारच्या जागा त्या वर्षापुरत्या सीईटीवर भरता आल्या. त्या चार आठवड्यांत घराघरांत काय चालले होते, ते आठवणारे पालक आजही भेटतील.

आणि मग २०२१. करोनामुळे बारावीची परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला ९९.६३ टक्के. कोणाचा दोष नव्हता, दुसरा मार्गच नव्हता. पण त्या वर्षी अभियांत्रिकीच्या जागा केवळ अशा गुणांवर वाटल्या असत्या तर काय झाले असते, याचा विचार करून पाहावा. बोर्डाच्या परीक्षेत कॉपी चालते ती केंद्रे, अंतर्गत गुणांची खैरात, मंडळामंडळांतला फरक, हे सगळे लक्षात घेतले की एक समान परीक्षा असावी या निष्कर्षाला मी पुन्हा पुन्हा येतो.

तमिळनाडूने दुसरी वाट धरली. २००७पासून तिथे अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा नाही, बारावीच्या गुणांवर प्रवेश होतो. खेड्यातल्या आणि गरीब मुलांना क्लास परवडत नाही, हे त्यामागचे कारण होते आणि ते खरे होते. पण मग काय झाले? बारावीचे गुण सर्वस्व झाल्यावर अनेक खासगी शाळा अकरावीचा अभ्यासक्रम गुंडाळून दोन्ही वर्षे बारावीच शिकवू लागल्या. ते थांबवण्यासाठी २०१७-१८ मध्ये सरकारला अकरावीलाही सार्वजनिक परीक्षा सुरू करावी लागली. आपल्याकडे सीईटी आहे आणि तरी अकरावीकडे दुर्लक्ष होते, तिथे सीईटी नव्हती आणि तरी झाले. ज्या परीक्षेवर जागा ठरते, सगळे तिच्यामागे धावतात. परीक्षा बदलल्याने धावणे थांबत नाही. तमिळनाडूकडून मला घ्यावेसे वाटते ते त्यांचे २०२०चे पाऊल : नीट तशीच राहणार हे पाहून त्यांनी सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी वैद्यकीयच्या साडेसात टक्के जागा राखल्या. मापात खोट आहे हे मान्य करून तिची भरपाई करण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न आहे.

दुसरे टोक त्याहून घातक आहे, आणि शहरी सुशिक्षित घरांत ते सर्रास ऐकू येते. ‘परीक्षेत आला तो लायक, नाही आला तो नालायक.’ ५४ सेकंदांत प्रश्न सोडवणे ही एक क्षमता आहे. प्रयोगशाळेत चारदा फसलेला प्रयोग पाचव्यांदा मांडणे, यंत्राचा बिघाड आवाजावरून ओळखणे, चार माणसांना घेऊन काम तडीस नेणे, याही अभियंत्याला लागणाऱ्याच क्षमता आहेत आणि सीईटी त्यांना हातही लावत नाही. शिवाय जे ती मोजते, त्यातही तयारीच्या संधीचा मोठा वाटा असतो. लातूरसारख्या क्लासच्या शहरात दोन वर्षे खोली घेऊन राहणारा मुलगा, कनिष्ठ महाविद्यालयात नावापुरता प्रवेश घेऊन दिवसभर क्लासमध्ये बसणारा मुलगा, आणि सकाळच्या एसटीने कॉलेजला येऊन दुपारी शेतावर जाणारा मुलगा यांच्या पर्सेंटाइलमधला सगळा फरक बुद्धीचा कसा म्हणता येईल? नावापुरत्या प्रवेशांचा हा प्रकार इतका वाढला की २०१८मध्ये सरकारला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. यंत्राने बोटाचा ठसा घेतला, मुले काही वर्गात परत आली नाहीत. वर्गात त्यांना हवे ते मिळत असते तर ती गेलीच नसती.

परीक्षा आणि तिचा निकाल समजावून सांगणारे कोणी हवे, हे माझे मत अमेरिकेतल्या एका अनुभवाने अधिक पक्के झाले. आपल्याकडची बरीच मुले आता तिकडच्या पदवी अभ्यासक्रमांना अर्ज करतात, म्हणून सॅट या तिथल्या प्रवेश परीक्षेचे नाव शहरांत ओळखीचे झाले आहे. करोनाच्या काळात तिथल्या बहुतेक विद्यापीठांनी सॅटचे गुण ऐच्छिक केले. गरिबांच्या मार्गातला अडसर दूर होईल, अशी अपेक्षा होती. २०२२मध्ये एमआयटीने सॅटची अट परत आणली, आणि २०२४मध्ये डार्टमथने आणली तेव्हा तिथल्या प्राध्यापकांच्या अभ्यासातून एक गोष्ट पुढे आली. साधनहीन घरांतल्या काही मुलांनी आपले गुण कमी समजून कळवलेच नव्हते. त्यांच्या शाळेची, परिस्थितीची पार्श्वभूमी पाहता त्याच गुणांनी त्यांना प्रवेशाला मदत झाली असती. गुण हातात होते, पण विद्यापीठ ते कसे वाचते हे सांगणारे जवळ कोणी नव्हते. सधन घरांतल्या मुलांना ते सांगायला सल्लागार होते. तिथल्या परीक्षा मंडळाने २०१५पासून खान अकॅडमीबरोबर सॅटची अधिकृत तयारी सर्वांना फुकट दिली आहे. परीक्षा घेणाऱ्यानेच तयारी करून द्यायची, ही कल्पना आपल्या सीईटी कक्षाने उचलण्यासारखी आहे.

मग ज्याच्याजवळ क्लासचे पैसे नाहीत, त्याने काय करावे? मी जे मुलांना सांगत आलो ते इथेही सांगतो. बालभारतीची दोन्ही वर्षांची पुस्तके जपा, अकरावीची तर नक्कीच. प्रत्येक धडा संपला की त्याच धड्याचे वीस-तीस बहुपर्यायी प्रश्न घड्याळ लावून सोडवा. सुरुवातीला निम्मे सुटतील, घाबरू नका. महत्त्वाची गोष्ट त्यानंतर सुरू होते. चुकलेला प्रत्येक प्रश्न वेगळ्या वहीत उतरवा आणि शेजारी चुकण्याचे कारण लिहा : सूत्र आठवले नाही, आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही, की संकल्पनाच कळली नव्हती. महिनाभराने ती वही पाहा. बहुतेकांना दिसते की निम्म्याहून जास्त चुका एकाच कारणाच्या आहेत, आणि त्यावर उपाय करता येतो. परीक्षेआधी किमान काही सराव परीक्षा संगणकावर द्या. मित्राचा, कॉलेजच्या प्रयोगशाळेतला, कोणाचाही संगणक चालेल. आयआयटी कानपूरने चालवलेल्या ‘साथी’ संकेतस्थळावर जेईई-नीटचे साहित्य फुकट आहे, ते सीईटीलाही उपयोगी पडते.

अंदाजाने उत्तर द्यावे का, हा प्रश्न मुले दबक्या आवाजात विचारतात, जणू तो गैरप्रकार आहे. तसे मुळीच नाही. सीईटीत एकही प्रश्न कोरा सोडू नये. वीस प्रश्नांवर डोळे मिटून खूण केली तरी सरासरी पाच बरोबर येतात. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्याला एक जातो. तिथे चारपैकी एक पर्याय खात्रीने चुकीचा आहे हे कळले, तर उरलेल्या तिनांतून निवडणे फायद्याचे असते. अशा तीन प्रश्नांत सरासरीने एक बरोबर येईल, चार मिळतील, दोन जातील, निव्वळ दोन उरतील. हे अकरावीच्या संभाव्यतेचेच गणित आहे. ते वर्गात फाशांवर आणि पत्त्यांवर शिकवतात, मुलाच्या स्वतःच्या परीक्षेवर शिकवत नाहीत.

आणि तयारी पुस्तकापाशी संपत नाही. जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेअर दाखला यांच्यावाचून चांगले पर्सेंटाइल असूनही राखीव जागा हातची गेलेली मुले मी पाहिली आहेत. वैधता प्रमाणपत्राला महिने लागतात, त्याचा अर्ज अकरावीतच करायला हवा. पीसीएममध्ये बारावीला खुल्या गटासाठी ४५ टक्के आणि राखीवसाठी ४० टक्के लागतात, म्हणून बोर्ड सोडून चालत नाही. प्रवेश फेरीत पसंतीक्रम भरताना पहिल्या क्रमांकावर जे लिहाल ते पहिल्या फेरीत मिळाले तर घ्यावेच लागते, हेही अनेकांना जागा मिळाल्यावर कळते. गेल्या वर्षी कोणत्या महाविद्यालयात कोणत्या शाखेला कितीवर प्रवेश थांबला, याच्या याद्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुल्या असतात. सल्लागार पाच-दहा हजार रुपये घेऊन त्याच याद्या उघडून दाखवतात.

शाळा-कॉलेजांनी परीक्षेचे तंत्र शिकवले तर तीही क्लास होतील, असा आक्षेप मी शिक्षकांच्या तोंडूनच ऐकला आहे. मला तो खरा वाटत नाही. पाय भागिले बारा हे उत्तर ज्याला काढता येते, त्याला तंत्र नव्हे, गणित आलेले असते. परीक्षा समजावून सांगायला वर्षभर लागत नाही. जे समजावायला वेळ लागतो तो विषय, आणि तो शिकवणे हे कॉलेजचे कामच आहे. उलट परीक्षेबद्दलचे अज्ञान हेच क्लासचे सर्वांत मोठे भांडवल आहे. ते भांडवल काढून घेतले तर पालक क्लासला पैसे देतील ते खरोखर चांगल्या शिकवण्यासाठी, भीतीपोटी नव्हे.

सीईटी वर्षातून दोनदा घेण्याचा निर्णय २०२५मध्ये जाहीर झाला. एका वाईट दिवसाने मुलाचे वर्ष जाऊ नये, हा त्यामागचा विचार चांगला आहे. पण दुसऱ्या संधीचा उपयोग त्यालाच होतो, ज्याला पहिल्या वेळी काय चुकले ते कळले आहे. म्हणून कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्राचार्यांना आणि विज्ञान शिक्षकांना माझी विनंती आहे. यंदा अकरावीचे वर्ग सुरू होतील त्या पहिल्याच महिन्यात चार तासिका राखून ठेवा. पहिलीत सीईटी, जेईई आणि नीट यांचे पत्रक मुलांबरोबर ओळीओळीने वाचा. दुसरीत पर्सेंटाइलचे गणित फळ्यावर करा. तिसरीत कागदपत्रांची यादी द्या आणि ती पालकांपर्यंत पोचवा. चौथीत मुलांना संगणक कक्षात नेऊन पन्नास प्रश्नांची एक परीक्षा घ्या. या चार तासिकांना शासनाच्या आदेशाची गरज नाही, वेगळ्या निधीची गरज नाही, आणि त्या घ्यायला लागणारे शिक्षक आज प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात आहेत.